अतिदक्षता विभागातील पहिले पाऊल

काही वर्षांपूर्वीच्या पावसाळ्यातील ही गोष्ट. भिवंडीत आमची सुताची पेढी आहे. बापूजी त्या वेळी सदुसष्ट वर्षांचे होते. सकाळी देरासरात दर्शन, साडेनऊला पेढीची गादी आणि सूर्यास्तापूर्वी घरी जेवण, हा त्यांचा क्रम चाळीस वर्षांत क्वचितच चुकला असेल. चार दिवसांच्या तापाचे निमित्त झाले, न्यूमोनिया फुप्फुसांत पसरला आणि पाचव्या दिवशी त्यांना धाप लागू लागली. गावातील डॉक्टरांनी बोटाला यंत्र लावून प्राणवायूचे प्रमाण पाहिले आणि एक क्षणही न दवडता मोठ्या रुग्णालयात नेण्यास सांगितले. अंजूर फाट्याची कोंडी आणि काशेळीच्या पुलावरील गोदामांच्या मालमोटारींची रांग पार करून रुग्णवाहिका पोहोचेपर्यंत आमच्या सर्वांच्या ओठांवर नवकार होता. त्याच रात्री त्यांना व्हेंटिलेटरवर ठेवण्यात आले.

चौथ्या दिवशी सकाळी एक तरुण फिजिओथेरपिस्ट भगिनी आम्हाला भेटावयास बाहेर आल्या. "आज गुंगीचे औषध थोडे कमी करून काकांना पलंगाच्या कडेला बसवून पाहू," असे त्या म्हणाल्या. आम्ही अवाक् झालो. घशात नळी, मानेत सुई, लघवीला नळी, डोक्याशी चार यंत्रे, आणि या बाई त्यांना बसवणार! धाकटे काका तर चिडलेच. "अहो ताई, माणूस जीवन-मरणाच्या सीमेवर आहे. त्याला जरा आराम तरी करू द्या," असे म्हणून त्यांनी विषय संपवला. मीही मान डोलावली. आम्ही डॉक्टरांनाही तेच विनवले. पुढे काही दिवस पलंगावरच हातापायांना थोडी हालचाल देण्यापलीकडे काही झाले नाही.

बापूजी वाचले. अकरा दिवसांनी व्हेंटिलेटर निघाला, अठरा दिवसांनी ते अतिदक्षता विभागातून बाहेर आले. आम्ही आनंदाने पेढे वाटले. परंतु पाण्याचा पेला त्यांना स्वतःच्या हाताने ओठांपर्यंत नेता येईना. पहिल्यांदा उभे केले तेव्हा गुडघे दुमडले आणि दोघांनी त्यांना सावरले. मांड्या निम्म्या झाल्यासारख्या दिसत होत्या. फुप्फुसे बरी झाली होती, माणूस मात्र उभा राहू शकत नव्हता. घराचा एक जिना चढण्यास त्यांना पाच महिने लागले. पेढीच्या गादीवर ते पुन्हा बसले, पण पूर्वीची चाल परत आली नाही.

त्या भगिनी काय सांगू पाहत होत्या हे मला पुष्कळ नंतर, वाचन करून आणि जाणत्या डॉक्टरांना विचारून कळले. आपल्या कुटुंबांत आजाऱ्याविषयी जी माया असते तिचा पहिला शब्द "आराम करा" हाच असतो. म्हणूनच हा विषय वाचकांपुढे मांडावासा वाटला.

खाटेचा हिशेब

स्नायू हे शरीराचे खेळते भांडवल आहे. रोज वापरले तर ते टिकते, पडून राहिले तर आटते. निरोगी माणूसही काही दिवस अंथरुणास खिळून राहिला तर त्याचे पाय अशक्त होतात. गंभीर आजारात हा ऱ्हास कितीतरी वेगाने होतो, कारण जंतुसंसर्गाने सर्व शरीरात दाह पेटलेला असतो आणि त्या दाहाला लागणारे इंधन शरीर स्वतःचे स्नायू मोडून पुरवते. त्यातच हालचाल नाही, अन्न अपुरे आणि गुंगीची औषधे चालू.

२०१३ साली इंग्लंडमधील संशोधकांनी अतिदक्षता विभागातील ६३ रुग्णांच्या मांडीच्या पुढील स्नायूची सोनोग्राफी ठरावीक दिवसांनी केली. दहाव्या दिवसापर्यंत त्या स्नायूचा आडवा छेद सरासरी १७.७ टक्क्यांनी घटलेला आढळला. ज्यांचा एकच अवयव निकामी झाला होता त्यांच्यात पहिल्या सात दिवसांत घट सुमारे ३ टक्के होती, तर ज्यांचे अनेक अवयव एकाच वेळी संकटात होते त्यांच्यात ती १५.७ टक्के होती. म्हणजे ज्याला शक्तीची सर्वाधिक गरज, त्याचेच भांडवल सर्वांत लवकर बुडते.

स्नायू केवळ हातापायांचे नसतात. श्वास घेण्यास लागणारा श्वासपटल हाही स्नायूच आहे. यंत्र श्वास देऊ लागले की तोही सुस्तावतो, आणि मग यंत्र काढणे कठीण होते. पडून राहिल्याने फुप्फुसाच्या मागील भागात कफ साठतो, पायांच्या शिरांत रक्ताच्या गुठळ्या होण्याचा धोका वाढतो, पाठीवर व टाचांवर शय्याव्रण होतात, सांधे आखडतात. दिवस-रात्र एकसारखा उजेड, यंत्रांचे आवाज आणि गुंगी यांमुळे अनेक रुग्णांना भ्रम होतो. भिंतीवर माणसे दिसतात, आप्त ओळखू येत नाहीत. यास वैद्यकशास्त्रात डिलिरियम म्हणतात. घरचे लोक याला वेड लागले असे समजून घाबरतात. प्रत्यक्षात तो मेंदूवर आलेला ताण असतो, आणि तो जितके दिवस टिकतो तितकी पुढे स्मरणशक्तीची हानी होण्याची शक्यता वाढते.

टोरांटोच्या संशोधकांनी फुप्फुसे गंभीररीत्या निकामी होऊनही वाचलेल्या १०९ रुग्णांचा वर्षभर मागोवा घेतला. २००३ साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या अहवालानुसार अतिदक्षता विभागातून बाहेर पडेपर्यंत या रुग्णांचे वजन सरासरी १८ टक्क्यांनी उतरले होते आणि एका वर्षानंतर त्यांपैकी निम्म्याहून किंचित कमी लोक कामावर परतले होते. फुप्फुसांची क्षमता बरीच सुधारली होती. मागे राहिली होती ती स्नायूंची दुर्बलता आणि थकवा. व्यापारी घरात कर्ता माणूस वर्षभर उभा राहू शकला नाही तर काय होते, हे वाचकांना वेगळे सांगणे नको.

हे ज्ञान नवे नाही

रोग्याला उठवावे हा विचार आजचा नव्हे. १९४७ साली रिचर्ड अ‍ॅशर या ब्रिटिश डॉक्टरांनी अंथरुणाचे धोके सांगणारा लेख लिहिला आणि तो पुढे फार गाजला. त्या काळी बाळंतपणानंतर वा साध्या शस्त्रक्रियेनंतरही आठवडेच्या आठवडे निजवून ठेवण्याची प्रथा होती. हळूहळू ती मोडली. आज हृदयाच्या शस्त्रक्रियेनंतर एक-दोन दिवसांत रुग्णाला खुर्चीत बसवतात, याचे कोणालाही आश्चर्य वाटत नाही.

अतिदक्षता विभागाचा जन्मही एका साथीतून झाला. १९५२ साली डेन्मार्कमधील कोपनहेगन येथे पोलिओची भीषण साथ आली. श्वासाचे स्नायू लुळे पडलेली मुले गुदमरून मरत होती. भूलतज्ज्ञ ब्यॉर्न इब्सेन यांनी गळ्यातून श्वासनलिकेत नळी घालून रबरी पिशवीने हवा देण्याचा मार्ग सुचवला. यंत्रे नव्हती, म्हणून शेकडो वैद्यकीय विद्यार्थी पाळ्या लावून तासन् तास त्या पिशव्या हाताने दाबत बसले आणि असंख्य प्राण वाचले. १९५३ च्या अखेरीस इब्सेन यांनी तेथेच अशा रुग्णांसाठी स्वतंत्र विभाग उभारला. जगातील पहिल्या अतिदक्षता विभागांत त्याची गणना होते.

आपल्या मुंबईतही त्याच सुमारास पोलिओने थैमान घातले होते. त्या साथीनंतर परळच्या केईएम रुग्णालयात शासन, महापालिका आणि जागतिक आरोग्य संघटना यांच्या सहकार्याने भौतिकोपचाराचे शिक्षण देणारी देशातील पहिली शाळा सुरू झाली. पाठोपाठ १९५५ मध्ये हाजीअलीजवळ पुनर्वसनाची अखिल भारतीय संस्था उभी राहिली. लुळ्या पडलेल्या पायांत पुन्हा बळ कसे आणावे, हा या शास्त्राचा आपल्याकडील आरंभ आहे. पुढे गंभीर रुग्णांच्या उपचारांचा पाया ज्यांनी या देशात घातला त्यांत मुंबईचे डॉ. फारोख उदवाडिया यांचे नाव अग्रक्रमाने घेतले जाते. जे. जे. रुग्णालयात धनुर्वाताच्या रुग्णांवर त्यांनी केलेले काम जगभर वाखाणले गेले. १९९३ साली मुंबईतच या शाखेतील डॉक्टरांची राष्ट्रीय संघटना स्थापन झाली.

मग मधल्या काळात रुग्ण निपचित का पडू लागला? याचे कारण यंत्रांच्या आणि औषधांच्या प्रगतीत आहे. नवे व्हेंटिलेटर आले, गुंगीची प्रभावी औषधे आली, आणि नळी सहन व्हावी म्हणून रुग्णाला झोपवून ठेवणे ही सवयच झाली. हेतू दयेचा होता. अमेरिकेतील फुप्फुसतज्ज्ञ थॉमस पेटी यांनी १९९८ साली खंत व्यक्त केली होती की, पूर्वी व्हेंटिलेटरवरील रुग्ण जागे असत, खुर्चीत बसत, आणि आता मात्र प्रत्येक खाटेवर निश्चल देह दिसतो.

जागे करा, मग उठवा

बदलाची पहिली पायरी गुंगीची होती. २००० साली शिकागो विद्यापीठातील डॉक्टरांनी व्हेंटिलेटरवरील १२८ रुग्णांचा अभ्यास प्रसिद्ध केला. एका गटाचे गुंगीचे औषध रोज एकदा थांबवून रुग्ण जागा होतो का ते पाहिले जाई. या गटाला व्हेंटिलेटर सुमारे ४.९ दिवस लागला, तर दुसऱ्या गटाला ७.३ दिवस. जागा होणारा रुग्ण यंत्रातून लवकर सुटत होता.

जागा झालेला रुग्ण हात हलवू शकतो, मग तो बसू का शकणार नाही? सॉल्ट लेक सिटी येथील एका रुग्णालयाने २००७ साली आपला अनुभव मांडला. श्वसन निकामी झालेल्या १०३ रुग्णांना १,४४९ वेळा बसवले, उभे केले किंवा चालवले गेले, आणि त्यांत अनिष्ट घटना एक टक्क्याहूनही कमी वेळा घडल्या. त्यांतील कित्येक जण घशात नळी असतानाच चालले होते.

त्यानंतर २००९ साली शिकागो व आयोवा येथील १०४ रुग्णांवरील अभ्यास प्रसिद्ध झाला आणि जगभरच्या डॉक्टरांचे लक्ष या विषयाकडे वळले. एका गटास व्हेंटिलेटर लावल्यापासून सुमारे दीड दिवसातच व्यायाम सुरू केला गेला, तर दुसऱ्या गटास नेहमीच्या पद्धतीने, म्हणजे सुमारे सात दिवसांनी. रुग्णालय सोडताना अंघोळ, कपडे, जेवण आणि चालणे या गोष्टी स्वतः करू शकणारे रुग्ण पहिल्या गटात ५९ टक्के होते आणि दुसऱ्या गटात ३५ टक्के. भ्रमाचे दिवसही चारांवरून दोनावर आले. व्यायामाच्या ४९८ सत्रांत गंभीर म्हणावी अशी घटना एकच घडली. शिकागोच्याच डॉक्टरांनी २०२३ साली दोनशे रुग्णांवरील अभ्यासात दाखवले की, लवकर हालचाल सुरू केलेल्यांत वर्षभरानंतर बुद्धी व स्मरणाचा दोष २४ टक्क्यांना होता, तर इतरांत ४३ टक्क्यांना. पाय हलवल्याने मेंदूही सावरतो, असे यावरून दिसते.

अति घाईही नको

येथे एक सावधगिरी सांगणे माझे कर्तव्य आहे, कारण अर्धे ज्ञान घेऊन डॉक्टरांशी हुज्जत घालणारे नातेवाईक रुग्णाचे नुकसानच करतात.

२०२२ साली सहा देशांतील ४९ रुग्णालयांत ७५० रुग्णांवर झालेल्या मोठ्या अभ्यासाचे निष्कर्ष आले. एका गटाला अधिकाधिक आणि लवकर हालचाल देण्यात आली, दिवसाला सरासरी सुमारे २१ मिनिटे. दुसऱ्या गटाला त्या रुग्णालयांची नेहमीची हालचाल, म्हणजे सुमारे ९ मिनिटे. सहा महिन्यांच्या अखेरीस, रुग्णालयाबाहेर जिवंत काढलेल्या दिवसांत दोन्ही गटांत उल्लेखनीय फरक आढळला नाही. उलट अधिक हालचाल दिलेल्या गटात नाडी अनियमित होणे, रक्तदाब घसरणे, प्राणवायू कमी होणे अशा अनिष्ट घटना ९.२ टक्के रुग्णांत झाल्या, तर दुसऱ्या गटात ४.१ टक्के. पक्षाघाताच्या रुग्णांबाबतही २०१५ साली दोन हजारांहून अधिक रुग्णांच्या अभ्यासात दिसले की, पहिल्या चोवीस तासांत फार लवकर व फार जास्त उठवल्याने परिणाम काहीसे वाईटच झाले.

याचा अर्थ हालचाल निरुपयोगी आहे असा नाही. ज्या रुग्णालयांशी तुलना झाली तेथेही रुग्णाला निजवून ठेवत नव्हते. त्यांची नेहमीची पद्धतच रुग्णाला जागे ठेवून बसवण्याची होती. तात्पर्य एवढेच की, योग्य वेळी, योग्य मात्रेत आणि रुग्णाच्या शरीराचा कौल घेत केलेली हालचाल हितकर आहे. औषधाप्रमाणे तिचीही मात्रा असते. ती मात्रा डॉक्टर व फिजिओथेरपिस्ट यांनी ठरवावयाची आहे. आपण ती थांबवू नये आणि वाढवाही म्हणू नये.

पायऱ्या कोणत्या

२०१४ साली या विषयातील तज्ज्ञांनी रस्त्यावरील सिग्नलसारखी पद्धत सुचवली. रुग्णाचा रक्तदाब, नाडी, लागणारा प्राणवायू, शुद्ध, हाडांची स्थिती या प्रत्येकाकडे पाहून हिरवा, पिवळा किंवा लाल रंग ठरवायचा. हिरवा असेल तर हालचाल करावी, पिवळा असेल तर विचारपूर्वक व तयारीने, आणि लाल असेल तर थांबावे. घशात नळी आहे एवढ्यावरून लाल रंग ठरत नाही, हे त्यात स्पष्ट केले आहे. रक्तदाब टिकवण्यासाठी मोठ्या मात्रेत औषध चालू असणे, ताजा रक्तस्राव, स्थिर न केलेले कण्याचे हाड, अशी कारणे मात्र थांबण्यास पुरेशी असतात.

प्रगती मोजण्यासाठी शून्य ते दहा अशी श्रेणी वापरतात. शून्य म्हणजे केवळ पडून राहणे. त्यापुढे पलंगावर व्यायाम, पलंगाच्या कडेला पाय सोडून बसणे, उभे राहणे, खुर्चीवर जाणे, जागच्या जागी पावले टाकणे, दोघांच्या आधाराने चालणे, एकाच्या आधाराने चालणे, वॉकरने चालणे, आणि दहाव्या पायरीवर कोणत्याही आधाराविना चालणे. कोणी दिवसात तीन पायऱ्या चढतो, कोणी आठवडाभर एकाच पायरीवर असतो. दोन्ही ठीकच.

रुग्ण बेशुद्ध असला तरी सर्व हालचाल बंद करावी लागत नाही. दर काही तासांनी कूस बदलणे, सांधे हलवणे, पलंगाचा डोक्याकडील भाग उंच ठेवणे ही कामे परिचारिका आणि फिजिओथेरपिस्ट करतातच. नळी घातलेल्या रुग्णाला बसवण्यास एकटा माणूस पुरत नाही. एक नळ्या सांभाळतो, एक पाठीला आधार देतो, एक मॉनिटरवर नजर ठेवतो. प्राणवायू घसरला किंवा रुग्ण घामेघूम झाला तर लगेच पुन्हा निजवतात. खरा खर्च या मनुष्यबळाचा आहे, यंत्राचा नव्हे.

कुटुंबाने काय करावे

आपली मोठी कुटुंबे रुग्णालयाच्या प्रतीक्षागृहात दिवसरात्र बसून असतात. त्या प्रेमाचा उपयोग व्हावा, एवढ्यासाठी काही गोष्टी सुचवतो.

पहिल्या दिवशीच डॉक्टरांना रुग्णाचे पूर्वीचे जीवन सांगावे. तो किती चालत होता, जिने चढत होता का, काठी वापरत होता का, किती पायऱ्या चढून देरासरात जात असे, हे कळले की गाठावयाचे ध्येय ठरते. रुग्ण स्थिर झाल्यावर रोजच्या भेटीत तीन प्रश्न नम्रपणे विचारावेत. आज गुंगी कमी करून जागे करून पाहणार का? आज त्यांना कितपत हलवता येईल? आज हलवता येणार नसेल तर कारण कोणते? चांगल्या डॉक्टरांना असे प्रश्न रुचतात.

चष्मा, श्रवणयंत्र आणि कवळी घरी ठेवू नका. रुग्णाला दिसेना, ऐकू येईना, तर तो गोंधळणारच. भेटीच्या वेळी त्याला वार, तारीख, वेळ सांगा. घरी जी बोली बोलली जाते, कच्छी असो, गुजराती असो, मारवाडी वा मराठी असो, तीच बोला. सिस्टरांना त्या बोलीतील चार शब्द कागदावर लिहून द्या: पाणी, दुखते, बसायचे, नको. परवानगी असेल तर मंद आवाजात स्तवन किंवा नवकार ऐकवा, आणि रात्री मात्र शांतता राखा. रडणे, भांडणे, हिशेबाच्या गोष्टी खाटेजवळ नकोत.

फिजिओथेरपिस्ट सत्र घेत असताना घरातील एकाने शक्य तर जवळ उभे राहावे. त्याने व्यायाम शिकून घ्यावा, कारण घरी परतल्यावर हेच काम त्याला महिनोन् महिने करावे लागणार आहे. परंतु नळ्या लावलेल्या रुग्णाला आपणहून कधीही उठवू नये.

आहाराचा प्रश्न आपल्या घरांत नाजूक असतो. गंभीर रुग्णास पहिले काही दिवस सरल्यावर दर किलो वजनामागे दिवसाला साधारण १.२ ते १.३ ग्रॅम प्रथिने मिळावीत, असे तज्ज्ञ सांगतात. साठ किलोच्या माणसास ती ७२ ते ७८ ग्रॅम होतात. मुगाच्या पातळ पाण्याने एवढी गरज भागत नाही. कंदमुळे चालत नाहीत हे आहारतज्ज्ञांना पहिल्या दिवशीच सांगावे. दूध, पनीर, सोयाबीन, डाळी यांपासून प्रथिने देणारे शाकाहारी पर्याय नळीवाटेही देता येतात. मूत्रपिंडाचा विकार असेल तर मात्रा डॉक्टरच ठरवतील. नळीचा आहार रात्रीही चालू राहतो, त्यामुळे व्रताविषयी मनात शंका असेल तर ती कुटुंबाने गुरुमहाराजांना वेळीच विचारावी. उपचार अडवून धरू नयेत.

भिवंडीसाठी एक विचार

आपले गाव मागांचे आणि आता गोदामांचे. लाखो हात येथे राबतात. शासनाचे इंदिरा गांधी स्मृती रुग्णालय आहे, खासगी रुग्णालये आहेत, तरी अत्यवस्थ रुग्णाला ठाणे किंवा मुंबई गाठावी लागते हा अनेकांचा अनुभव आहे. तेथून घरी परतलेल्या रुग्णाची काळजी मात्र भिवंडीतच घ्यायची असते, आणि येथेच मोठी उणीव आहे. रुग्णालयाचे बिल भरण्यास समाज धावून येतो, पण घरी आलेल्या माणसाला रोज उभे करणारा फिजिओथेरपिस्ट मिळतो का, वॉकर आणि उंची कमी-जास्त होणारा पलंग मिळतो का, हे कोणी विचारत नाही.

१९७५ साली जयपूर येथे भगवान महावीरांच्या नावाने सुरू झालेल्या समितीने जयपूर फूट आणि इतर साधनांद्वारे लक्षावधी लोकांना पुन्हा चालते केले आहे. त्या कार्याचा आपल्याला अभिमान आहे. त्याच धर्तीवर गावातील एखाद्या ट्रस्टने वॉकर, चाकाची खुर्ची, शौचासाठीची खुर्ची आणि पलंग तात्पुरते देणारे साहित्यकेंद्र चालवले, आणि गरजू रुग्णांच्या घरी पहिले दोन महिने फिजिओथेरपिस्ट पाठवण्याचा खर्च उचलला, तर कोणत्याही जातिधर्माच्या कुटुंबाला त्याचा लाभ होईल. मागावर बारा तास उभा राहणारा कामगार आजारानंतर उभा राहू शकला नाही तर त्याच्या घरची चूल विझते. आपल्या शास्त्रांनी रुग्णाच्या सेवेला, वैयावृत्त्याला, आभ्यंतर तपात स्थान दिले आहे. त्या सेवेचे हे आजचे एक रूप ठरेल.

दुसरी वेळ

बापूजींच्या आजारानंतर दोन वर्षांनी बा अतिदक्षता विभागात होती. पित्ताशयातील संसर्ग रक्तात पसरला होता. या वेळी तिसऱ्या दिवशी फिजिओथेरपिस्ट आले तेव्हा आम्ही त्यांना विचारले, "आमच्यापैकी कोणी आत आले तर मदत होईल का?" मला आत जाण्याची परवानगी मिळाली. तिघांनी मिळून बाला पलंगाच्या कडेला बसवले. तिचे पाय लोंबकळत होते, मान डुलत होती, आणि मॉनिटरवरील प्रत्येक आकड्याने माझ्या काळजाचा ठोका चुकत होता. चार मिनिटांनी तिला पुन्हा निजवले. दुसऱ्या दिवशी सहा मिनिटे. पाचव्या दिवशी ती खुर्चीत बसली आणि खुणेने चष्मा मागितला. तीन आठवड्यांत ती घरातल्या घरात स्वतः चालू लागली.

दोन रुग्णांवरून काही सिद्ध होत नाही, हे मी जाणतो. बाचा आजार वेगळा होता, तिची फुप्फुसे शाबूत होती, ती बापूजींहून लहानही होती. बापूजींना त्या चौथ्या दिवशी बसवले असते तर ते पूर्वीसारखे चालले असतेच, असे कोणी छातीठोकपणे सांगू शकत नाही. पण संधी होती, आणि ती आम्ही मायेपोटी नाकारली, एवढे खरे.

बा घरी आली त्या दिवशी बापूजी काठी टेकत दारापर्यंत गेले होते. सारा प्रकार त्यांनी ऐकून घेतला होता. थोडा वेळ थांबून ते मला म्हणाले, "त्या वेळी मला काहीच आठवत नाही रे. पण कोणीतरी माझा हात धरून 'काका, डोळे उघडा' म्हणत होते, तेवढे आठवते." ती हाक त्या भगिनींचीच असावी. त्यांना भेटून क्षमा मागावी असे फार वाटले. रुग्णालयात चौकशी केली तेव्हा त्या नोकरी सोडून अन्यत्र गेल्याचे कळले. हा लेख कधी त्यांच्या वाचनात आला, तर त्यांनी आमचे मिच्छामि दुक्कडम् स्वीकारावे.